अर्धवेळ गुरुजी

सातवीत आम्हाला संगीत शिकवणारे सर रात्री नाटकांना ऑर्गनची साथ करीत. सकाळी डोळे लाल, पण सूर पक्का. घरी दखनी बोलणाऱ्या मला मराठी शब्दाचं वजन त्यांनीच हातावर ताल धरून दाखवलं.

पुण्याला हे नवं नाही. विनायकबुवा पटवर्धन गंधर्व नाटक मंडळीतले गायक नट. १९३२ मध्ये त्यांनी इथं गंधर्व महाविद्यालय काढलं. रंगमंचावर कमावलेलं वर्गात वाटलं.

२००९चा शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीच्या, शंभरावर मुलं असलेल्या शाळेला कलाशिक्षक द्यायला सांगतो, पण अर्धवेळ. तेवढ्या पगारात कलावंत शाळेत टिकेल कसा?

माझे सर दोन वर्षांतच शाळा सोडून गेले. त्यांनी धरून दिलेला ताल मात्र माझ्या कवितेतून अजून सुटलेला नाही.