हरियालाची ओळख

सातारा-सांगलीकडील रस्त्यांवरून जाणाऱ्या वाटसरूस वडाची सावली हवी असते. परंतु त्याच वडाच्या माथ्यावर कोणाची पंगत बसली आहे, हें पाहण्यास तो सहसा थांबत नाहीं. फळें पिकलीं कीं तेथें हरियालांचा थवा उतरतो. पक्षी हिरवे व पानेंहि हिरवीं, त्यामुळें थवा मोठा असूनहि दिसत नाहीं. वरून फळें टपटपूं लागलीं, किंवा कोणी मंजुळ शीळ घातल्यासारखा स्वर आला, कीं मान वर करावी.

हरियाल म्हणजे हिरवें कबूतर. लांबी सुमारें एक फूट, डोकें राखी, मान व छाती हिरवट पिंवळी, खांद्यावर जांभळट छटा आणि मिटलेल्या पंखावर पिंवळी रेघ. तथापि केवळ रंगावर विसंबूं नये. खरी खूण पायांची. हरियालाचे पाय हळदीसारखे पिंवळे असतात. कोयना-महाबळेश्वरच्या दाट रानांत त्याचा एक धाकटा भाऊबंद राहतो. त्याचें कपाळ राखी व पाय तांबडे असतात, आणि नराची पाठ किरमिजी असते. मादीच्या पाठीवर हा रंग नसल्यानें ती हरियालच भासते. तेथें पायच निवाडा करतात. सकाळीं थवा निष्पर्ण शेंड्यांवर ऊन खात बसतो, ती वेळ पाहण्यास उत्तम.

पारवा अंगणांत दाणे टिपतो. हरियाल जमिनीवर क्वचितच उतरतो. वड, पिंपळ, उंबर यांचीं फळें हें त्याचें मुख्य अन्न. सारे वड एकाच वेळीं फळत नाहींत, म्हणून एका झाडावरील फळें सरलीं कीं थव्यास दुसरें झाड गांठावें लागतें. अशीं झाडें पुष्कळ असलीं, तरच त्याचें वर्ष निभतें.

महाराष्ट्रानें हरियालास राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. पण मानानें पोट भरत नाहीं. जावळी तालुक्यांतील म्हसवे येथील वडाच्या विस्ताराचा घेर १८८२ सालीं १,५८७ फूट भरला होता. असे वृक्ष एका पिढींत उभे राहत नाहींत. मिरज तालुक्यांतील भोसे येथील जुना वड महामार्गाच्या वाटेंत आला, तेव्हां २०२० सालीं लोकांच्या आग्रहामुळें रस्त्याची आखणी बदलण्यांत आली. २०२२ सालीं तो वड उन्मळून पडला. रस्ता वळवितां आला; तेवढा वड पुन्हां उभारतां येत नाहीं. हरियाल ओळखूं लागलेल्या माणसानें आपल्या गांवचे वड-उंबरहि मोजून ठेवावेत, आणि एक पडला तर दोन लावावेत.