बोलणारा फोन आणि वाचणारा माणूस

(आंजी (मोठी), जि. वर्धा येथे वर्षावासातील प्रबोधन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेने आम्हाला बोलण्यास सांगितले तेव्हा विषय आम्हीच निवडला. 'आवाजावर चालणारा फोन : त्याचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा.' काहींना वाटेल, विहारात फोनचा विषय कशाला? परंतु आज ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही त्या घरातही स्मार्टफोन आहे. जी वस्तू आपल्या घरात शिरली, आपल्या पैशाला हात लावू लागली आणि आपल्या वतीने बोलू लागली, तिचा विचार समाजाने एकत्र बसून करायला हवा असे आम्हाला वाटते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. यंत्राचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. जे वापरून पाहिले, जे काउंटरवर पाहिले आणि जे घरात भोगले, तेवढेच आपणासमोर मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, ऐकणे आणि बोलणे याला आपल्या धम्मात फार मोठे स्थान आहे. तथागतांचा उपदेश कित्येक शतके भिक्खूंनी मुखोद्गत ठेवला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत तो ग्रंथरूपाने लिहिला गेला. अनेक सुत्ते 'मी असे ऐकले' या अर्थाच्या शब्दांनी सुरू होतात, ती याचमुळे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. दोन भिक्खूंनी तथागतांना विनंती केली की, निरनिराळ्या कुळांतून आलेले लोक आपल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदोबद्ध विद्वान भाषेत करावे. तथागतांनी ती विनंती अमान्य केली आणि आपापल्या भाषेत ते शिकण्याची अनुज्ञा दिली. सामान्य माणसाची बोली कमी प्रतीची नाही, हा निर्णय अडीच हजार वर्षांपूर्वी झालेला आहे. आणि ज्यांना समाजात बोलताच येत नव्हते त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. तेव्हा 'आवाज' हा शब्द आपल्याला नवीन नाही.

आता यंत्राकडे वळू. यंत्राला माणसाचे बोलणे कळावे यासाठी फार वर्षे खटपट चालली आहे. १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एक यंत्र तयार झाले, ते फक्त शून्य ते नऊ हे आकडे ओळखत असे. दहा वर्षांनी आयबीएम कंपनीने 'शूबॉक्स' नावाचे यंत्र लोकांना दाखविले, त्याला सोळा शब्द कळत. २०११ मध्ये ॲपलच्या फोनमध्ये 'सिरी' आली. आपल्या मराठीचा नंबर लागला ऑगस्ट २०१७ मध्ये. त्या वेळी गुगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली. पुढच्या वर्षी गुगलचा 'असिस्टंट' मराठीत बोलू लागला.

याचा उपयोग किती मोठा आहे हे शिकलेल्या माणसाला पटकन कळत नाही. ज्याला मराठीचा कळफलक जमत नाही, जोडाक्षर कुठे सापडते हे माहीत नाही, तो माणूस आज माईकच्या चिन्हावर बोट ठेवून बोलतो आणि शब्द उमटतात. शेतकरी ओल्या हाताने विचारतो, "आज पाणी येईल का?" मजुरीला गेलेली बहीण मुलाला आवाजी निरोप पाठवते. ज्यांना दिसत नाही अशा बांधवांसाठी अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आहे. पडद्यावर बोट फिरवावे तसा फोन वाचून दाखवतो. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी अंध व्यक्तींसाठी 'मनी' नावाचे ॲप सुरू केले. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ती कितीची आहे हे ते बोलून सांगते, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. साध्या बटनाच्या फोनवरून पैसे देण्यासाठी मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' आले. सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून पैसे पाठविण्याची 'हॅलो यूपीआय' ही योजना हिंदी व इंग्रजीपासून सुरू झाली. ज्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत होते त्याला स्वतःच्या तोंडाने काम करता यावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु बंधू-भगिनींनो, येथूनच मर्यादा सुरू होतात.

हे यंत्र आपले बोलणे 'समजून' घेत नाही. हजारो लोकांचे बोलणे त्याला आधी ऐकविलेले असते. आपला आवाज आला की तो त्या साठ्याशी ताडून, बहुधा हा शब्द असावा, असा अंदाज ते बांधते. ज्यांचे बोलणे त्या साठ्यात जास्त, त्यांचे त्याला चांगले कळते. ज्यांचे कमी, त्यांचे वाईट कळते. आता आपली वऱ्हाडी घ्या. आपण 'मला' म्हणत नाही, 'मले' म्हणतो. आपल्या तोंडी डोळ्याचा 'डोया' होतो, शाळेची 'शाया' होते. यंत्र बिचकते. आमच्या फोनला तर आमचे गावही कळत नाही. 'आंजी मोठी' म्हटले की तो 'आजी मोठी' लिहितो. हसू येते खरे. पण हेच पत्त्याच्या किंवा खातेदाराच्या नावाच्या बाबतीत झाले तर हसून भागत नाही.

आकड्यांचे तर विचारूच नका. मराठीत दीडशे, अडीच हजार, पावणेदोनशे, साडेतीनशे असे आपण सहज बोलतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माणसाचाही गोंधळ उडतो. एका धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही स्वयंपाक्याला बोलून निरोप पाठविला की साठ माणसांचा स्वयंपाक करावा. फोनने 'सात' लिहिले आणि आम्ही न वाचताच पाठवून दिले. त्या गृहस्थाने फोन करून विचारले, "साहेब, सात माणसायसाठी मले कायले बोलावता? घरीच रांधून घ्या ना!" त्याने विचारले म्हणून त्या दिवशी आमची अब्रू वाचली. पण पैसे पाठविताना समोरून विचारणारा कोणी नसतो.

आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. बहुतेक कामांना इंटरनेट लागते, रेंज गेली की फोन मुका होतो. बसस्टँडवर, लाऊडस्पीकरजवळ, चालत्या ट्रॅक्टरवर त्याला नीट ऐकू येत नाही. कापसाचा भाव विचारला तर तो एक आकडा सांगतो, पण तो कोणत्या बाजार समितीचा आणि कोणत्या दिवसाचा हे पाहावेच लागते. तसेच बोललेली गोष्ट खाजगी राहत नाही. खात्यात शिल्लक किती, औषध कशाचे, सुनेबद्दल काय, हे मोठ्याने विचारले तर सारी गल्ली ऐकते. कागदावर लिहिलेले झाकता येते, बोललेले झाकता येत नाही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत ती सांगतो. ती आमच्याच घरातील आहे.

आमची आई शाळेत गेली नाही. तिच्या लहानपणी तिच्या हाती पाटी आली नाही, विळा आला. आयुष्यभर तिने अंगठा दिला. नातवाने तिला फोनवर बोलायला शिकविले तेव्हा तिला झालेला आनंद आम्ही विसरणार नाही. "आता मी कोनाची वाट पायत नाई," असे ती शेजारणींना सांगे. आलेला निरोपही ती फोनकडूनच वाचून घेत असे.

एके दिवशी तिच्या फोनवर एक संदेश आला. खाते बंद होणार आहे, ताबडतोब या क्रमांकावर बोला. फोनने तो वाचून दाखविला. नेहमीच्याच स्वच्छ, अदबशीर आवाजात. त्याच आवाजात तो तिला पावसाचा अंदाज सांगे, त्याच आवाजात नातवाची खुशाली. तिने फोनलाच सांगून तो नंबर लावला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून जे विचारले ते तिने सांगितले. आलेला ओटीपीसुद्धा फोननेच वाचून दिला. अकरा हजार पाचशे रुपये गेले. मजुरीच्या दिवसांपासून गाठीला बांधलेले पैसे होते ते.

आम्ही बँकेत बसून दिवसभर लोकांना सांगतो की ओटीपी कोणाला देऊ नका. आणि आमच्याच घरात हे घडले. आम्हाला कळले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. १९३० या क्रमांकावर तक्रार केली, पण उशीर झाला होता. पैसे परत आले नाहीत. रागाच्या भरात आम्ही आईला बोललो. तेव्हा ती म्हणाली, "फोननंच सांगतलं ना रे बापा. तो कायले खोटं बोलन?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिचे बरोबर होते. फोन खोटे बोलला नव्हता. खोटा मजकूर त्याने खऱ्या आवाजात वाचला होता. वाचता येणारा माणूस संदेश पुन्हा पाहतो, नाव तपासतो, अक्षरांची गफलत त्याच्या नजरेस येते, कागद घेऊन दुसऱ्याकडे जातो. ऐकलेले मात्र वाऱ्यावर जाते. मघाशी आम्ही रिझर्व्ह बँकेच्या ॲपचे सांगितले. ते नोट शंभराची की पाचशेची हे सांगते, पण ती खरी की खोटी हे सांगत नाही, आणि रिझर्व्ह बँकेनेही हे स्पष्ट केले आहे. सगळ्या बोलणाऱ्या यंत्रांची गोष्ट हीच आहे. ते काय लिहिले आहे ते सांगतील. खरे काय हे ठरविणे आपल्याकडेच राहते.

आठ दिवस आई गप्प होती. आम्हाला वाटले, आता ती फोनला हात लावणार नाही. नवव्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर ती आमच्या मुलीची जुनी वही घेऊन आली आणि म्हणाली, "मले अक्षरं शिकव." वय सत्तरीच्या पुढे. हात थरथरतो. आज ती स्वतःचे नाव लिहिते, आकडे वाचते आणि संदेशातील रक्कम स्वतः पाहते. फोनवर बोलणे तिने सोडले नाही. पण आता आधी ऐकते, मग बोट ठेवून एकेक अक्षर तपासते.

बंधू-भगिनींनो, ज्या समाजाला शिकू दिले नाही त्याला बाबासाहेबांनी शिक्षणाच्या वाटेवर आणले. आज कोणी म्हणू लागले आहे की, आता फोन बोलतो, ऐकतो, वाचतो, मग म्हाताऱ्या माणसांना अक्षरओळख कशाला? आम्ही नम्रपणे सांगतो, हा विचार घातक आहे. अंगठ्याच्या जागी आवाज आला म्हणजे माणूस साक्षर झाला असे नाही. अंगठा देणारा जसा लिहिणाऱ्यावर अवलंबून होता, तसा केवळ ऐकणारा वाचून दाखविणाऱ्यावर अवलंबून राहतो. पूर्वी तो सावकाराचा मुनीम होता, आज ते यंत्र आहे. यंत्राला लबाडी येत नाही, पण यंत्राआडून लबाडी करणारे पुष्कळ आहेत. आता तर थोडासा नमुना मिळाला तरी कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. मुलाच्या आवाजात कोणी पैसे मागितले तर फोन ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा.

म्हणून संस्थेसमोर आम्ही तीन सूचना ठेवतो.

पहिली, दर रविवारी वंदनेनंतर याच विहारात एक तास प्रौढांचा वर्ग घ्यावा. २०२२ ते २०२७ या काळासाठी शासनाचा 'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम' पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीच आहे. शाळेतील गुरुजींना भेटून त्यात नावे नोंदवावीत. वर्गात पाटीबरोबर फोनही ठेवावा. फोनला बोलून लिहायला लावायचे आणि त्याने काय लिहिले ते आपण वाचायचे. चूक सापडली की शिकणाऱ्याला जो आनंद होतो, तो आम्ही आमच्या घरात पाहिला आहे.

दुसरी, तरुणांनी वडीलधाऱ्यांना फोनचे चार नियम शिकवावेत. रक्कम आणि नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाठवायचे नाही. पिन आणि ओटीपी तोंडाने उच्चारायचा नाही, फोनसमोर नाही आणि माणसासमोरही नाही. संदेशात आलेल्या नंबरवर बोलायचे नाही, पासबुक घेऊन शाखेत यायचे. आणि फसवणूक झालीच तर लाजेने दडवून न ठेवता तात्काळ १९३० वर कळवायचे. येथे प्रत्येक घटका मोलाची असते.

तिसरी सूचना तरुण मित्रांसाठी. केंद्र शासनाच्या 'भाषिणी' या उपक्रमात 'भाषादान' नावाची सोय आहे. तेथे आपण आपल्या आवाजात वाक्ये वाचून देऊ शकतो. यंत्राला आपले बोलणे कळत नाही अशी तक्रार करीत बसण्यापेक्षा आपला आवाज त्याच्या कानी घालावा. आपली माणसे त्या साठ्यात नसतील, तर उद्याची यंत्रेही आपल्याला ओळखणार नाहीत.

आमच्या मते फोन हा सोबती आहे. त्याच्याकडून काम जरूर करून घ्यावे. परंतु तथागतांनी कोणाचेही सांगणे केवळ ऐकले म्हणून न मानता पारखून घेण्यास शिकविले. जे माणसाच्या बोलण्याला लागू, ते यंत्राच्या बोलण्याला अधिकच लागू आहे.

आमची आई आज समोर उपासिकांमध्ये बसली आहे. तिची परवानगी घेऊनच ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "सांग. दुसरीचे तरी वाचतीन." रविवारच्या वर्गात पहिले नाव तिचे लिहावे, आणि ते तिच्याच हाताने लिहू द्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!