थांबण्याचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात मंडळाच्या मदत समितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गणेशोत्सवाच्या, नाटकांच्या आणि हळदीकुंकवाच्या आठवणी निघाव्यात हे उचितच आहे, आणि काल त्या पुष्कळ निघाल्या. आमच्या वाट्याला आलेला विषय मात्र रुक्ष आहे. दिव्यांग व्यक्तींना सरकारकडून मिळावयाच्या साहाय्याचे अर्ज वर्षानुवर्षे का पडून राहतात, आणि आपल्यासारख्या, घरापासून दूर येऊन राहिलेल्या कुटुंबांना त्याची झळ अधिक का लागते, याविषयी आम्ही बोलणार आहोत. सणाच्या दिवशी फायली कशाला, असे एका सभासदांनी आम्हांस विचारलेही. परंतु मदत समितीकडे गेल्या काही वर्षांत जी कुटुंबे आली त्यांतली बरीच फायलींपायीच आली, तेव्हा आमच्यापाशी सांगण्यासारखे दुसरे फारसे काही नाही.

'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण आपण सर्वांनी थट्टेने वापरली आहे. आज ती कडू वाटते, ती वेगळ्या कारणाने. सहा महिन्यांत काम होणार असेल तर पुष्कळ घरांत पेढे वाटले जातील.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. १९९५ च्या कायद्याने सात प्रकारचे अपंगत्व मानले होते. त्या जागी आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकारांची संख्या एकवीस झाली. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि एका राज्यात दिलेले प्रमाणपत्र साऱ्या देशात ग्राह्य आहे असे कलम ५८ मध्ये स्वच्छ लिहिले आहे. २०१७ च्या नियमांनी हे प्रमाणपत्र अर्जापासून एका महिन्यात द्यावे असे ठरविले. जुन्या कायद्याखालची प्रमाणपत्रेही त्यांवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत चालतील असेही म्हटले. जून २०२१ पासून सर्व राज्यांत ही प्रमाणपत्रे केवळ संगणकावरून, स्वावलंबन पोर्टलवरूनच दिली जातात. कागदावर याहून अधिक काय मागावे?

आता आमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक हकीकत सांगतो. नावे सांगणार नाही, कार्यालयाचेही नाही. आपल्या मंडळाचे एक सभासद केंद्र सरकारच्या नोकरीतून येथेच निवृत्त झाले. पत्नी आधीच गेलेली. एकुलता मुलगा जन्मतः बौद्धिक दिव्यांग, वय चाळिशीच्या जवळ. २०१८ च्या ऑगस्टात वडील वारले. केंद्रीय निवृत्तिवेतनाच्या नियमांप्रमाणे, जे अपत्य दिव्यांगत्वामुळे आपला चरितार्थ चालवू शकत नाही त्याला आईवडिलांच्या पश्चात तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. साधारणतः शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि वर महागाई. मुलाचा हक्क निर्विवाद होता. सांभाळायला सत्तरीची आत्या गावाहून येऊन राहिली. ऑक्टोबरात अर्ज गेला.

जानेवारीत त्रुटीपत्र आले. वडिलांच्या निवृत्तिवेतन आदेशात मुलाचे नावच नव्हते. वडिलांच्या हयातीत मुलाला दिव्यांगत्व होते याचा पुरावा हवा. पुरावा होता, पण तो गावी, माळ्यावरच्या ट्रंकेत. १९९८ च्या सुमारास गावाकडच्या जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलातून काढलेले प्रमाणपत्र चुलतभावाने शोधून पाठविले, तेव्हा नवाच पेच उभा राहिला. त्या प्रमाणपत्रावर आपल्या रीतीप्रमाणे मुलाचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. येथील बँकेच्या आणि आधारच्या कागदांवर नुसते नाव आणि आडनाव. 'ये तो दो अलग आदमी हैं,' असे बाबूंनी सांगितले. त्यांचाही दोष म्हणवत नाही. मधल्या जागी बापाचे नाव घालण्याची आपली पद्धत त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. प्रतिज्ञापत्र झाले. मग मराठीतले प्रमाणपत्र वाचता येत नाही म्हणून भाषांतर झाले. आणि एवढे झाल्यावर 'बाहेरचे' प्रमाणपत्र नको, येथील मंडळाकडून नवे आणा, असा निरोप मिळाला. देशभर ग्राह्य असलेल्या कागदाला बाहेरचे म्हणतात हे ऐकून आम्ही चकित झालो. पण वाद घालण्यापेक्षा नवे काढणे सोपे पडेल असे वाटले. तेथे आम्ही चुकलो.

वैद्यकीय मंडळ आठवड्यातून एकदा बसे. बुद्धिमापन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची जागा रिकामी होती, म्हणून दुसऱ्या शहरी जावे लागे. बसचा प्रवास ह्या मुलाला सोसत नसे. दोनदा तो वाटेतच उतरून बसला आणि आत्याबाईंना परत यावे लागले. तपासणीची तारीख मिळाली ती २०२० च्या मार्चअखेरची. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. टाळेबंदीत मंडळच बसेनासे झाले. प्रमाणपत्र हाती पडले जानेवारी २०२१ मध्ये, मंजुरी जूनमध्ये. एकंदर चौतीस महिने.

थकबाकी पैन् पै मिळाली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आत्याबाईंच्या गहाण पाटल्या सुटल्या. पण तो मुलगा वडिलांच्या वेळी रोज ज्या कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला जात असे तेथील फी थांबली होती आणि त्याची जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. पिशव्या चिकटवणे तो विसरला नाही. जुनी वर्तमानपत्रे मागून घेतो आणि घरीच करतो. कोणी न्यायला नसते. थकबाकीच्या हिशेबात ह्या गोष्टीला रकाना नाही.

ह्यात आमचाही वाटा आहे. आत्याबाई पहिल्या त्रुटीपत्रानंतर समितीकडे आल्या तेव्हा 'सरकारी काम आहे, थोडे थांबा' असेच आम्ही म्हणालो होतो. त्या थांबण्यात चार महिने गेले.

विलंबाला एकट्या बाबूला जबाबदार धरणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. सात प्रकारांचे एकवीस झाले, पण तपासणारे डॉक्टर तेच राहिले, आणि तेच सकाळी बाह्यरुग्ण विभागातली गर्दीही उपसत असतात. टेबलावरच्या माणसाची भीती वेगळी. चुकीचा अर्ज मंजूर झाला तर लेखापरीक्षणात त्याचे नाव निघते. बरोबर अर्ज तीन वर्षे पडून राहिला तर कोणी विचारत नाही. असा हिशेब असल्यावर शहाणा माणूस आणखी एक कागद मागणारच.

पण ह्या व्यवस्थेतली खरी अडचण आम्हांस दुसरीच दिसते. प्रमाणपत्र नाकारले, किंवा टक्के कमी लावले, तर कलम ५९ खाली अपील करता येते. अपील होते ते निर्णयाविरुद्ध. निर्णयच झाला नाही तर कशाविरुद्ध करणार? नकारावर कोणाची तरी सही असते, विलंबावर कोणाचीच नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. एका महिन्याची मुदत तीन महिन्यांची केली गेली, आणि अर्ज दोन वर्षांहून अधिक काळ निर्णयावाचून राहिला तर तो निष्क्रिय समजून अर्जदाराने पुन्हा अर्ज करावा किंवा तो पुन्हा सुरू करून घ्यावा असे ठरले. साचलेले अर्ज निकालात काढण्याची ही युक्ती आहे. मात्र दोन वर्षे कोणामुळे गेली हा प्रश्न त्यात विचारलेला नाही.

येथे शब्दांविषयी थोडे. आमच्या लहानपणी 'अपंग' म्हणत, येथील लोक 'विकलांग' म्हणत, २०१५ नंतर सरकारी पाट्यांवर 'दिव्यांग' आले. शब्द सौम्य झाले ही चांगलीच गोष्ट आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा मात्र २०१२ पासून महिना ३०० रुपयांवरच आहे. राज्ये आपापली भर घालतात ती निराळी. तोही ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे घर असेल तरच.

'सरकारपुढे हात पसरायचा म्हणजे' असे काही मंडळी संकोचाने म्हणतात, त्यांच्यासाठी एक दाखला देतो. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून हक्क आहे असा निर्णय दिला. त्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड होते. तो दिवस देशभर निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात. तेव्हा संकोच नको.

आता कामाचे. रेल्वे, टपाल, संरक्षण लेखा, आयुध कारखाने अशा नोकऱ्यांमुळे आपल्यापैकी अनेकांची घरे येथे वसली. ज्यांच्या घरी दिव्यांग अपत्य आहे त्यांनी आपल्या हयातीतच त्याचे नाव निवृत्तिवेतन आदेशात घालून घ्यावे. तशी सोय नियमांत आहे. अपत्याला स्वतःचा कारभार पाहता येत नसेल तर आपल्या पश्चात पालक कोण हेही लिहून देता येते. ते राहून गेले तर, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असल्यास, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. मुलाला थोडी मिळकत आहे म्हणून हक्क गेला असेही समजू नये. २०२१ पासून ही मर्यादा पालकाच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई इतकी वाढविली आहे. २०१३ पासून लग्नाचीही आडकाठी नाही.

अर्ज दिला की पोच घ्यावी. आपल्याकडे जिला बारनिशी म्हणतात तिला येथे 'डाक डायरी' म्हणतात, तेथला क्रमांक आणि तारीख लिहून आणावी. तीन महिने उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराखाली एकच प्रश्न विचारावा: आमचा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे आणि कोणत्या तारखेपासून? त्याचे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आमच्या अनुभवाने ह्या एका प्रश्नाने जेवढ्या फायली हलल्या तेवढ्या विनवण्यांनी हलल्या नाहीत. ज्या विलंबावर कोणाची सही नसते, त्याखाली निदान एक नाव येते.

यापुढे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मदत समिती वाचनालयाच्या खोलीत बसेल. अर्ज भरणे, भाषांतर करणे आणि मधल्या नावाच्या घोळासाठी प्रतिज्ञापत्राचा नमुना देणे, एवढी कामे तेथे होतील. दोघे निवृत्त लेखापाल आणि एक वकील भगिनी यांनी वेळ देण्याचे कबूल केले आहे. ज्यांची जुनी प्रमाणपत्रे, शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद गावच्या घरी पडून आहेत त्यांनी येत्या दिवाळीला जाल तेव्हा चिवड्याच्या डब्याबरोबर तेवढे आठवणीने घेऊन यावेत.