चार टाचण्या आणि एक कारण

स्नातक मित्र-मैत्रिणींनो,

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगतो. मी एका कारखान्यात कार्मिक विभागात होतो. ऑर्डरी कमी झाल्या आणि त्या वर्षीची पगारवाढ सहा महिने पुढे ढकलायचं वरून ठरलं. नोटीस मी टाइप केली. मजकूर तीन ओळींचा: ‘व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार...’ वगैरे. संध्याकाळी दुसरी पाळी आत शिरल्यावर ती फलकावर लावली आणि कुणी काही विचारायच्या आत मागच्या फाटकाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर फिटर भेटले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. म्हणाले, “साहेब, नोटिशीला चार टाचण्या लावल्यात. एक कारण लावलं असतं तर तीन टाचण्यांत भागलं असतं.”

पगारवाढ का मिळाली नाही, हे तात्या विचारत नव्हते. ऑर्डरी आटल्याचं त्यांना माझ्याआधी कळलं होतं, कारण मशीन त्यांच्यापुढे रिकामं उभं होतं. त्यांची तक्रार वेगळी होती: मला सांगण्याच्या लायकीचा समजला नाहीत.

पुढे मी संशोधनाकडे वळलो तेव्हा कळलं, की तात्यांच्या या तक्रारीला अभ्यासाच्या जगात स्वतंत्र नाव आहे. आपल्या वाट्याला किती आलं, हा न्यायाचा पहिला प्रश्न. ते कोणत्या रीतीने ठरलं, हा दुसरा. जॉन थिबॉ आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की निकाल विरुद्ध गेला तरी आपली बाजू मांडायला मिळाली तर माणूस ती पद्धत न्याय्य मानू शकतो. तिसरा प्रश्न, ठरलेलं आपल्याला कसं सांगितलं गेलं, हा १९८६ मध्ये रॉबर्ट बीस आणि जोसेफ मोग यांनी वेगळा काढला. तात्या या तिसऱ्या प्रश्नावर बोलत होते.

या प्रश्नाची किंमत किती, ते जेराल्ड ग्रीनबर्ग यांच्या १९९० च्या अभ्यासात दिसतं. अमेरिकेतल्या एका कंपनीची मोठी कंत्राटं गेली. कुणाला काढण्याऐवजी दोन कारखान्यांत दहा आठवडे पगार १५ टक्क्यांनी कापायचं ठरलं. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती. पहिल्या कारखान्यात जवळजवळ दीड तासाची सभा झाली. खुद्द अध्यक्षांनी आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्न घेतले. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत विषय आटोपला. कपात दोन्हीकडे सारखीच होती. मग कारखान्यातून किती माल गायब होतो, ते मोजलं गेलं. चोरी दोन्हीकडे वाढली, पण पंधरा मिनिटांवाल्या कारखान्यात ती कितीतरी जास्त होती. नोकरी सोडून जाणारेही तिथेच अधिक. पगार पूर्ववत झाला आणि चोरीही खाली आली.

हा अभ्यास वाचून पुष्कळ व्यवस्थापक सोयीचा अर्थ काढतात: गोड बोला, काम स्वस्तात होतं. म्हणून त्यातलं एक वाक्य पुन्हा वाचू. चोरी दोन्हीकडे वाढली. दीड तासाच्या सभेनंतरही वाढली. कापलेल्या पगाराची जागा शब्दांनी भरत नाही. अपमानाची जी भर वर पडणार असते, तेवढीच टळते. आणि कारण खोटं असेल तर तेही नाही. ज्याला आपल्याकडे केसाने गळा कापणं म्हणतात, ते गोड बोलूनच साधतं.

याच ग्रीनबर्ग यांनी २००६ मध्ये चार रुग्णालयांतल्या परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पगाराची पद्धत बदलून हाती कमी पैसे येऊ लागलेल्या परिचारिकांची झोप उडाली होती. जिथे त्यांच्या वरिष्ठांना नीट, आदराने वागण्याचं प्रशिक्षण दिलं, तिथे निद्रानाश बराच कमी आढळला. साहेब कसा बोलला, याचा हिशोब माणूस रात्री अंथरुणावर करतो.

पण हे सगळं अमेरिकेतून आलेलं ज्ञान आहे, असं समजू नका. आपल्या मुंबईच्या जुन्या गिरणगावाकडे पाहा. भोंगा व्हायच्या आत गिरणीच्या फाटकाशी बदली कामगारांची गर्दी जमायची. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी कुणाला घ्यायचं, हे जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, ठरवायचा. तिथे गाव, नातं, मर्जी आणि दस्तुरी चाले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस कामगारांच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशननेही जॉबरच्या या सत्तेवर बोट ठेवलं. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली नियंत्रण योजना आणली: ठराविक लोकांना दर महिन्याला कार्ड द्यायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. लाच एका फटक्यात संपली नाही, आणि कार्डामुळे एकही नवा माग सुरू झाला नाही. तरी हातात कार्ड असणं आणि जॉबरच्या नजरेत भरायची धडपड करणं यांत फरक होता.

न्याय्य पद्धतीची लक्षणं १९८० मध्ये जेराल्ड लेव्हेंथल यांनी सांगितली: सगळ्यांना एकच नियम, पक्षपात नाही, माहिती खरी, चूक दुरुस्त करायची वाट, संबंधितांचं म्हणणं ऐकणं आणि नीतीला धरून वागणं. फाटकावर थांबलेल्या बदलीला ही सहाही लक्षणं न शिकवता सांगता आली असती.

आता विश्वासाकडे वळू. मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांनी १९९५ मध्ये विश्वासाची जी मांडणी केली, ती आजही आधाराला घेतली जाते. विश्वास म्हणजे दुसरा आपलं नुकसान करू शकतो हे माहीत असूनही आपली दोरी त्याच्या हाती द्यायची तयारी. ती आपण तीन गोष्टी पाहून देतो: त्याला काम येतं का, त्याला आपल्याबद्दल आस्था आहे का आणि तो शब्दाला जागतो का. पदवीने तुमच्या पहिल्या गोष्टीची ग्वाही दिली. उरलेल्या दोन गोष्टींचं प्रमाणपत्र आजच्या समारंभात मिळत नाही. ते हाताखालची माणसं देतात, आणि काढूनही घेतात.

शेवटी स्वभाव. कचेरीत भांडण झालं की आपण म्हणतो, “त्याचा स्वभावच तसा. स्वभावाला औषध नाही.” स्वभावाचा परिणाम असतो, यात वाद नाही. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं, की काटेकोर, जबाबदार वृत्तीची माणसं जवळपास सगळ्याच प्रकारच्या कामांत सरस ठरतात. स्कारलिकी, फोल्गर आणि टेस्लुक यांनी १९९९ मध्ये न्याय आणि स्वभाव एकत्र तपासले. अन्यायाने वागवलं गेल्यावर उट्टं काढण्याकडे कल कुणाचा जास्त? जे चटकन त्रासतात त्यांचा, आणि जे मुळात जुळवून घेणारे नसतात त्यांचा.

हे वाचून कुणी म्हणेल, मग जुळवून घेणारेच भरती करू या. मी याचा उलटा अर्थ लावतो. चिडका माणूस तुमची चूक तुम्हाला लगेच दाखवतो. सोशिक माणूस ती पोटात ठेवतो, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मऊ सापडलं म्हणून कोपराने खणू नये, हे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना मनुष्यबळ विभाग माहीत नव्हता, पण त्यात काय घडतं ते माहीत होतं. समोरच्याचा स्वभाव हा त्याचा. त्या स्वभावावर तुम्ही काय लादता, ते मात्र तुमचं.

मित्रांनो, एक-दोन वर्षांत तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाती अशी नोटीस येईल. निर्णय तुमचा नसेल. तो बदलायचा अधिकारही नसेल. किती द्यायचं, हे पुष्कळ वर्षं तुमच्या हातात नसतं. कसं सांगायचं, हे पहिल्या दिवसापासून असतं. तात्यांनी सुनावल्यावर मी पाळी संपताना सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि ऑर्डरींची स्थिती सांगितली. काही जण तरीही चिडले. एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वर विचारून चार दिवसांनी दिलं. पगारवाढ एक दिवसही लवकर आली नाही. पण पुढच्या वेळी लोक कुजबुजण्याआधी माझ्याकडे विचारायला आले.

तेव्हा नोटीस लावाल तेव्हा तिच्याशेजारी उभे राहा. खरं कारण सांगा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि विचारून परत या. आणि घरी जाताना पुढच्या फाटकाने जा.