उमेदवारास उणीव कशी सांगावी?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या समाजातील मुलेमुली पदवी घेऊन जळगाव-धुळ्याहून पुण्या-मुंबईस मुलाखतींस जातात आणि पुष्कळदा रिकाम्या हातांनी परततात. आपण का नाकारले गेलो, हे त्यांस बहुधा कोणी सांगत नाही. आणि जो सांगतो तो 'तुला बोलताच येत नाही' एवढे म्हणून मोकळा होतो. मौनाने मुलगा अंधारात राहतो, टोमण्याने खचतो. आपल्यापैकी काहीजण कचेऱ्यांत व कारखान्यांत माणसे निवडतात, बाकीचे घरी मुलांची तालीम घेतात. या दोघांसाठी मी चार शब्द बोलणार आहे.

दोष माणसास लावू नये, त्याच्या वाक्यास लावावा. 'तू फार लांबण लावतोस' असे म्हटल्याने मुलगा काही शिकत नाही. 'अनुभव विचारला तेव्हा तू प्रथम घरची परिस्थिती सांगितलीस; आधी कामाचे सांगून मग परिस्थिती सांगितली असती, तर उत्तर पोचले असते,' असे म्हटले की पुढच्या वेळी काय करावयाचे ते त्यास कळते. त्याहीपूर्वी विचारावे, 'तुला स्वतःला कोठे अडल्यासारखे वाटले?' निम्मी उणीव तो स्वतःच सांगतो.

दुसरी गोष्ट बोलीची. आपल्याकडील मुलाच्या तोंडी 'ळ'च्या जागी 'य' आणि 'ण'च्या जागी 'न' येतो. ही बोलीची रीत आहे, अडाणीपणाची खूण नव्हे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींस लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी उतरून घेतली. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती त्याच बोलीत प्रसिद्ध झाली, आणि २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. तेव्हा 'तुझी भाषा गावंढळ आहे' असे कोणासही ऐकवू नये. 'कचेरीतील पत्रव्यवहार प्रमाण मराठीत चालतो. त्यासाठी रोज एक पत्र लिहीत जा,' असे सांगावे. त्यात कामाची गरज सांगितली जाते, आईच्या भाषेचा अवमान होत नाही.

तिसरी गोष्ट, उणीव एकांतात सांगावी. लग्नाच्या पंगतीत 'काय रे, मुलाखतीचे काय झाले?' असे विचारून चारचौघांत त्याची उत्तरे तपासणे ही आपली जुनी खोड आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, तर रागे न भरता स्वतः आवरून ठेवीत. मुलास न दुखविता वळण लावता येते, याचा हा धडा आपल्याच जिल्ह्यातला आहे.

मात्र सौम्यपणा म्हणजे दोष झाकणे नव्हे. 'छान झाले, नशिबाने साथ दिली नाही' असे म्हणून पाठ थोपटणारा मुलाची वर्षे वाया घालवितो. खरे बोलावे, पण एका वेळी एक किंवा दोनच उणिवा सांगाव्यात, आणि चांगले काय झाले तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावे.

माझी एकच विनंती आहे. नोकरीत स्थिरावलेल्या प्रत्येक सभासदाने यंदा एका उमेदवारास घरी बोलवावे, त्याची अर्धा तास मुलाखत घ्यावी आणि वरील रीतीने त्याच्याशी बोलावे. नोकरी देणे आपल्या हाती नसेल, पण नाकारलेल्या मुलास पुन्हा उभे राहण्याचे बळ देणे खचित आहे.