चक्क्याच्या थरांचं बटरस्कॉच

थरांचं बटरस्कॉच पुडिंग म्हटलं की विकतचं क्रीम, जिलेटिन आणि पाकिटातली पूड आठवते. वडोदऱ्यात यातलं काहीच लागू नये. गायकवाडांच्या काळापासून इथं स्थिरावलेल्या मराठी घरांत श्रीखंड होतं, शेजारच्या गुजराती घरांतही होतं. दही टांगून चक्का काढणं सगळ्यांना येतं. दुधाचीही वाण नाही, अमूलचं आणंद इथून साधारण ४० किलोमीटरवर. न भाजता थर उभा राहायचा तर मिश्रणात पाणी कमी हवं, आणि चक्क्यातलं पाणी फडक्यातून आधीच निथळलेलं असतं. १ किलो दही मात्र रात्रभर फ्रिजमध्येच टांगा, इथल्या उन्हाळ्यात बाहेर ते फार आंबतं.

कोणी म्हणेल, बटरस्कॉचला आंबट चव मारक. मला उलट वाटतं: सॉस नुसताच गोड असतो, ताज्या चक्क्याची किंचित आंबट चव त्याला तोलते. सॉससाठी १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तांबूस वितळवा. त्यात ५० ग्रॅम लोणी, मग घुसळलेली कोमट साय अर्धी वाटी आणि चिमूटभर मीठ. साय घालताना पाक उसळतो, हात जपा. तळाच्या थरातली बिस्किटं भिजून लिबलिबीत होतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे बिस्किटांच्या चुऱ्याला वितळलेलं लोणी चोळायचं. त्यामुळं ओल लवकर शिरत नाही. आधी चुरा, वर थोडी साखर घालून फेटलेला चक्का, मग पूर्ण निवलेला सॉस. सॉस गरम असला तर चक्का सैल पडेल. चार तास गार करा आणि त्याच दिवशी संपवा.