बिनचावीचं घड्याळ

माझे अब्बा एस.टी.त कंडक्टर होते. १९७९ साली पैसे साठवून त्यांनी एक ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं. त्याला रोज चावी द्यावी लागत नसे. डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात पंच, आणि भरल्या गाडीत दिवसभर पुढे-मागे. घड्याळाला आणखी काय हवं? ‘हे माझ्या मेहनतीवर चालतं,’ असं अब्बा अभिमानानं सांगत. ते अक्षरशः खरं होतं.

अशा घड्याळात अर्धचंद्राच्या आकाराचं एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. स्प्रिंग पूर्ण भरली, तर घड्याळ काढून ठेवल्यावरही साधारण दीड दिवस चालतं. स्वित्झर्लंडचे अब्राहम-लुई पेरले यांनी १७७०च्या दशकात खिशातल्या घड्याळासाठी असा प्रयत्न केला. मनगटी घड्याळासाठी इंग्लंडच्या जॉन हारवूड यांनी १९२४ साली पेटंट मिळवलं. पुढे १९८८ साली जपानच्या सेकोनं हाताच्या हालचालीतून चक्क वीज करून क्वार्ट्झ घड्याळ चालवलं.

वाया जाणारी हालचाल, उष्णता, कंपनं यांतून कणाकणानं ऊर्जा गोळा करायची, हा आज विज्ञानाचा एक मोठा विषय आहे. अशा ऊर्जेवर घरातला दिवा लागत नाही. पण क्वार्ट्झ घड्याळाला वॅटच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास वीज पुरते. आपल्या स्वयंपाकघरातला लायटरही याच कुळातला. दाबला की आतला हातोडा एका स्फटिकावर आपटतो आणि ठिणगी पडते. दाबातून वीज देण्याचा स्फटिकांचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवला. हृदयाच्या ठोक्यांवरच पेसमेकर चालेल का, याचेही प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत.

मला मात्र हे शास्त्र अब्बांच्या खाटेपाशी कळलं. २००३ साली अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली. दोन दिवसांत घड्याळ थांबलं. अब्बा त्याच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी हाताला व्यायाम द्यायला सांगितलं होतं, पण अब्बा हात लावू देत नव्हते. मी म्हटलं, ‘अब्बा, घड्याळाला तरी चालवू या.’ मग ते तयार झाले. मी सकाळ-संध्याकाळ त्यांचा हात उचलायचो, वळवायचो. काटे पुन्हा सरकू लागले.

पुढे एका कविसंमेलनासाठी तीन दिवस परगावी गेलो. परत आलो तो घड्याळ बंद असणार, हे धरूनच. पाहतो तर टिकटिक चालू! अम्मीला विचारलं. ती म्हणाली, ‘मैं तो हात बी नै लगाई.’ अब्बा गालात हसले. त्यांनी उजव्या हातानं डावा हात धरला, हळूहळू छातीपर्यंत उचलला आणि खाली ठेवला. रात्री झोप येत नसे, तेव्हा ते हेच करत होते.

तो हात पूर्ण बरा झाला नाही. पण पुढची चार वर्षं अब्बांनी ते घड्याळ फारसं थांबू दिलं नाही.

आता ते माझ्या मनगटावर असतं. दिवसभर टेबलाशी बसून राहिलो की मागे पडतं. मग मी कागद मिटतो आणि चालायला बाहेर पडतो.